दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळात तुमच्या रॅकवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, अक्षरांच्या सात टाइल्स असतात. शब्दकोड्यात दोन अक्षरं सापडलेली असतात आणि बाकीची घरं रिकामी असतात. किंवा मुलीच्या शाळेतून गृहपाठ येतो, की क्यू आणि एक्स ही दोन्ही अक्षरं असलेले चार इंग्रजी शब्द लिहून आणा. अशा वेळी मराठी माध्यमातून शिकलेली बरीच माणसं हात टेकतात आणि म्हणतात, ‘आपलं इंग्रजी तेवढं चांगलं नाही.’ मीही मराठी माध्यमातलाच आहे, आणि मनापासून सांगतो, की या कामाचा इंग्रजी बोलण्याशी वाटतो तेवढा संबंध नाही.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. २०२४ मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्येही तेच करून दाखवलं. इंग्रजीतल्या त्यांच्या जगज्जेतेपदांपैकी एक २००७ मध्ये मुंबईत मिळालं होतं, आणि २०१९ मध्ये गोव्यात झालेली मोठी जागतिक स्पर्धाही त्यांनीच जिंकली. अर्थात त्यांची स्मरणशक्ती सगळ्यांकडे नसते. पण अक्षरांकडे बघायची रीत शिकता येते, आणि ती कुणालाही शिकता येते.

एक सूचना आधीच देतो. या लेखात इंग्रजी अक्षरं मी त्यांच्या नावाने लिहिली आहेत, उदाहरणार्थ के-एन-ई-ई म्हणजे गुडघा. वाचताना शेजारी कागद-पेन्सिल ठेवा आणि प्रत्येक शब्द इंग्रजी लिपीत लिहून बघा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

काय काय लागेल

• एक वही. शेवटची चार-पाच पानं याद्यांसाठी राखून ठेवा.
• अक्षरांच्या टाइल्स किंवा पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या.
• एक डिक्शनरी किंवा शब्दयादी, जी तुम्ही शेवटचा शब्द म्हणून मानाल.
• फोन किंवा कॉम्प्युटर. पण तो आठव्या पायरीपर्यंत बाजूला ठेवा.

चिठ्ठ्या घरी करणार असाल तर प्रत्येक अक्षराच्या सारख्याच करू नका. स्क्रॅबलच्या इंग्रजी संचात १०० टाइल्स असतात, त्यांतल्या २ कोऱ्या. ई १२ असतात, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, एन, आर आणि टी प्रत्येकी ६. याउलट के, जे, एक्स, क्यू, झेड यांची एकेकच टाइल. हा खेळ बनवणारे अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं होतं. त्यामुळे याच प्रमाणात चिठ्ठ्या केल्यात तर हाताला येणारी अक्षरं खऱ्या इंग्रजीसारखी येतात.

१. आधी प्रश्न कोणता आहे ते ठरवा

वेळ वाया जातो तो मुख्यतः इथे. ‘या अक्षरांचे शब्द शोधा’ या एकाच वाक्यात चार वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात.

पहिला: दिलेली सगळी अक्षरं वापरायची आणि बाहेरचं एकही घ्यायचं नाही. याला अ‍ॅनाग्राम म्हणतात.

दुसरा: दिलेल्यांतलीच अक्षरं घ्यायची, पण सगळी वापरायची सक्ती नाही. स्क्रॅबलचा रॅक हा या जातीचा. न्यूयॉर्क टाइम्सचं स्पेलिंग बी हे कोडंही याच घरातलं. त्यात दिलेल्यांपैकी मधोमध मांडलेलं अक्षर शब्दात असलंच पाहिजे, शब्द किमान चार अक्षरांचा हवा, आणि एक अक्षर कितीही वेळा वापरता येतं.

तिसरा: दिलेली अक्षरं शब्दात हवीतच, सोबत आणखी कुठलीही चालतील. यात एक पोटप्रश्न असतो, तो विचारून घ्या: अक्षरं सलग हवीत की विखुरलेली चालतील?

चौथा: अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात. शब्दकोडं आणि वर्डल हे पाच अक्षरी शब्द ओळखायचं ऑनलाइन कोडं ही याची उदाहरणं.

अक्षर पुन्हा वापरायची मुभा आहे का, हेही तेव्हाच बघून घ्या. रॅकवर एकच टी असेल तर दोन टींचा शब्द कितीही सुंदर असला तरी उपयोगाचा नाही.

२. कानाने नाही, डोळ्यांनी शोधा

हा माझ्या मते सगळ्यांत मोठा अडथळा आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत त्याचा उल्लेखही नसतो, कारण तो अडथळा त्यांचा नाही, आपला आहे.

मराठी आपण जवळजवळ जशी बोलतो तशीच लिहितो. त्यामुळे शब्द आठवायचा म्हटलं की आपण तो आधी मनात उच्चारतो. इंग्रजी अक्षरं समोर आली की हीच सवय आडवी येते. रॅकवर के आणि एन आहेत. मनात ‘क्न’ असं काहीतरी वाजतं आणि आपण ते सोडून देतो. पण नी, नॉट, निट, नाइफ, नो, नॉक हे सगळे के-एननेच सुरू होतात. आपल्या कानाने ते ‘न’च्या खणात टाकून ठेवलेले असतात, त्यामुळे के बघून ते वर येतच नाहीत.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर ही यादी करा:

• ‘न’ ऐकू येतो तिथे के-एन किंवा जी-एन असू शकतं.
• ‘र’ ऐकू येतो तिथे डब्ल्यू-आर किंवा आर-एच. रॉंग, रिस्ट, रेक हे डब्ल्यूचे, ऱ्हिदम एचचा.
• ‘फ’साठी एफ, पी-एच, आणि शेवटी आला तर जी-एच: रफ, टफ, लाफ.
• ‘क’साठी सी, के, सी-के, क्यू, आणि सी-एचसुद्धा: स्कूल, केमिस्ट, एको.
• ‘शन’साठी टी-आय-ओ-एन, एस-आय-ओ-एन, सी-आय-ए-एन, आणि ओशनमध्ये सी-ई-ए-एन.
• ‘म’वर संपणाऱ्या शब्दामागे मुका बी: लॅम्ब, थम्ब, कोम्ब.
• ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही. मराठीत हा फरकच नाही, त्यामुळे डब्ल्यू हातात असताना व्हीचे शब्द आणि व्ही हातात असताना डब्ल्यूचे शब्द मनात येत राहतात.

ही यादी तुमच्या वाचनातून वाढवत न्या. माझ्याकडच्या सगळ्या याद्यांत हीच सर्वांत उपयोगी पडली आहे.

३. अक्षरं हलवा

टाइल्स ज्या क्रमाने उचलल्या त्याच क्रमाने ठेवून त्यांच्याकडे टक लावून बसू नका. डोळ्यांना तोच तोच क्रम दिसत राहतो आणि डोकं तिथेच अडकतं.

आधी स्वर एका बाजूला आणि व्यंजनं दुसऱ्या बाजूला करा. सातांत दोन-तीन स्वर असतील तर अक्षरं चांगली आहेत. नंतर कागदावर तीच अक्षरं गोल लिहा, म्हणजे पहिलं-शेवटचं असं काही राहत नाही. एखादी जोडी जुळतेय असं वाटलं की ती शेजारी आणा आणि उरलेल्यांकडे बघा. काही सुचलं नाही तर जोडी मोडा. हात सतत चालू राहिला पाहिजे.

याशिवाय एक सवय लावून घ्या: अक्षरसंच वहीत लिहिताना तो नेहमी वर्णानुक्रमाने लिहायचा. एज्युकेशन हा शब्द घ्या, ई-डी-यू-सी-ए-टी-आय-ओ-एन. वर्णानुक्रमाने तो ए-सी-डी-ई-आय-एन-ओ-टी-यू असा होतो. आता ऑक्शन्ड, म्हणजे लिलाव केला, आणि कॉशन्ड, म्हणजे सावध केलं, हे शब्द असेच लिहून बघा. तिन्हींचा क्रम तंतोतंत एकच निघतो. स्पर्धेत खेळणारे या क्रमाला अल्फाग्राम म्हणतात. वहीत डावीकडे अल्फाग्राम आणि उजवीकडे त्यातून निघणारे सगळे शब्द अशी मांडणी ठेवलीत, की पुढच्या वेळी तोच संच समोर आल्यावर तो ओळखू येतो.

४. आधी शेपूट तोडा, मग डोकं

सात-आठ अक्षरं एकदम जुळवायची नसतात. इंग्रजी शब्दांना ठरावीक शेपटं आणि ठरावीक डोकी असतात. ती बाजूला काढली की चार-पाच अक्षरंच उरतात, आणि तेवढी कुणालाही जुळवता येतात.

प्रत्यक्ष करून बघू. अक्षरं आहेत ए, डी, ई, जी, आय, एन, आर.

आय-एन-जी दिसतंय, ते उजवीकडे सरकवा. उरले ए, डी, ई, आर. यातून रीड होतं: आर-ई-ए-डी. पुढे शेपूट लावा, रीडिंग. सातही अक्षरं लागली. स्क्रॅबलमध्ये सातही टाइल्स एका डावात लावल्या की ५० गुण जास्तीचे मिळतात, म्हणून ही मेहनत.

याच चारांतून डेअरही होतं, डी-ए-आर-ई. पण इथे सापळा आहे. आय-एन-जी लागताना शब्दाच्या शेवटचा ई गळतो. डेअरिंगमध्ये ई नसतो, म्हणजे तो सहाच अक्षरांचा होतो आणि ई हातात राहतो. नवखे खेळाडू हा ई तसाच ठेवून शब्द लावतात आणि समोरचा आक्षेप घेतो, तेव्हा डाव वाया जातो.

आता शेपूट बदला. ई-डी उजवीकडे घ्या. उरले ए, जी, आय, एन, आर, म्हणजेच ग्रेन. ग्रेन हे इंग्रजीत क्रियापदही आहे, लाकडासारख्या रेषा उमटवणं या अर्थी, म्हणून ग्रेन्ड बरोबर. दुसरा सात अक्षरी शब्द मिळाला.

आता डोकं. आर-ई डावीकडे घ्या. उरले ए, डी, जी, आय, एन. रिगेन होतं पण डी उरतो. गेन्ड होतं, जी-ए-आय-एन-ई-डी, तर आर उरतो. मात्र बोर्डावर कुठे मोकळा ई असेल तर रिगेन्ड हा आठ अक्षरी शब्द त्याच्यातून काढता येतो. म्हणून रॅकवरून नजर उचलून बोर्डाकडेही बघायचं.

नेहमी तपासायची शेपटं: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, आय-ओ-एन, ए-बी-एल-ई, एन-ई-एस-एस, एल-वाय, आय-एस-टी, आणि अर्थातच एस. डोकी: आर-ई, यू-एन, डी-आय-एस, एम-आय-एस, पी-आर-ई, ओ-यू-टी, ओ-व्ही-ई-आर. ओ-यू-टीकडे लोकांचं लक्ष जात नाही, आणि ते इंग्रजी क्रियापदांना फार सढळपणे लागतं: आउटरन, आउटडू, आउटप्ले. सुरुवातीला ही यादी कार्डावर लिहून समोर ठेवा आणि ओळीने एकेक लावून बघा.

५. अडचणीची अक्षरं

क्यू आला की लोक यू शोधायला लागतात. ते बरोबरच आहे, पण यू नसला तरी वाट असते, आणि ती आपल्यासाठी जास्त सोपी आहे. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, तलाक टी-ए-एल-ए-क्यू, निकाब एन-आय-क्यू-ए-बी, कव्वाली क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. हे सगळे कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत, म्हणजे भारतातल्या स्पर्धांत मानल्या जाणाऱ्या शब्दयादीत, आहेत. आणि सर्वांत लहान क्यू-आय, चिनी विचारातली प्राणशक्ती; उच्चार ‘ची’. हा एक शब्द पाठ असला तरी क्यू अंगावर राहत नाही.

स्वरच नसले तर वायकडे बघा: मिथ, लिंक्स एल-वाय-एन-एक्स, क्रिप्ट, आणि सहा अक्षरी ऱ्हिदम, आर-एच-वाय-टी-एच-एम. वायही नसेल तर एच-एम-एम, एस-एच-एच, बी-आर-आर, पी-एस-टी हे उद्गारसुद्धा चालतात.

उलट स्वरच स्वर आले तर ऑडिओ, अदिऊ ए-डी-आय-ई-यू, आणि रांग या अर्थाचा क्यू-यू-ई-यू-ई. दोन अक्षरी शब्द तर पाठच करा. कॉलिन्स यादीत ते सव्वाशेच्या आसपास आहेत, अमेरिकन यादीत शंभराच्या थोडे वर. ए-ए हा लाव्हाचा एक प्रकार आहे आणि ए-आय हा दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ. दोन्ही स्वर खपवायला उपयोगी.

६. ‘ही अक्षरं असलेला शब्द’ मनात कसा शोधायचा

हा तिसऱ्या जातीचा प्रश्न. इथे हातात मर्यादित अक्षरं नाहीत, सगळी वर्णमाला मोकळी आहे, आणि म्हणूनच तो अवघड वाटतो. युक्ती अशी, की दिलेल्यांतलं सर्वांत दुर्मीळ अक्षर धरायचं आणि त्याच्या सवयी आठवायच्या.

मुलीच्या गृहपाठातले क्यू आणि एक्स घ्या. क्यूला बहुधा मागोमाग यू लागतो. एक्सला आपल्या आधी ई आवडतो, किंवा तो शब्दाच्या शेवटी बसतो. ई-एक्सने सुरुवात करा आणि त्यानंतर क्यू-यू जोडा: एक्स्क्विझिट, ई-एक्स-क्यू-यू-आय-एस-आय-टी-ई. मध्ये थोडी जागा सोडली तर एक्स्चेकर, ई-एक्स-सी-एच-ई-क्यू-यू-ई-आर, म्हणजे सरकारी तिजोरी. एक्स शेवटी ठेवा: इक्विनॉक्स, ई-क्यू-यू-आय-एन-ओ-एक्स, दिवस आणि रात्र जवळपास सारखी असते तो दिवस. क्यूने सुरुवात करा: क्विक्सॉटिक. चारही झाले.

दुसरं नेहमीचं कोडं म्हणजे पाचही स्वर असलेले शब्द. इथे दुर्मीळ असं अक्षरच नाही, म्हणून शेपटीकडे वळा आणि स्वर खाणारी शेपटी निवडा. आय-ओ-यू-एस या शेपटीत तीन स्वर आले. आता फक्त ए आणि ई असलेलं डोकं हवं: प्रिकेरिअस पी-आर-ई-सी-ए-आर-आय-ओ-यू-एस, टिनेशिअस टी-ई-एन-ए-सी-आय-ओ-यू-एस, फसीशिअस एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. शेवटच्यात पाचही स्वर चक्क ए, ई, आय, ओ, यू याच क्रमाने येतात. आय-ओ-एन घेतलंत तर ए, ई, यू उरतात आणि एज्युकेशन मिळतं. यू-ई घेतलंत तर डायलॉग. आणि भाजीच्या पिशवीत कॉलिफ्लॉवर असतोच, सी-ए-यू-एल-आय-एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर.

अक्षरं सलग हवी असतील तर वेगळा विचार करा. डब्ल्यू-के-डब्ल्यू असा तुकडा दिला तर तो एका दमात उच्चारायचा प्रयत्न करू नका. तो कुठेतरी तुटतो, दोन अवयवांच्या सांध्यावर. डब्ल्यू-के इथे पहिला अवयव संपला, पुढच्या डब्ल्यूने दुसरा सुरू झाला: ऑकवर्ड, ए-डब्ल्यू-के-डब्ल्यू-ए-आर-डी. के-के दिलं तर पहिला शब्द के वर संपतो आणि दुसरा के ने सुरू होतो, म्हणजे बुककीपर. एस-टी-एच असेल तर मात्र सांधा शोधूनच भागत नाही, डोळ्यांनी पाहिलेले शब्द आठवावे लागतात: अ‍ॅस्थमा, इस्थमस.

७. आपले शब्द विसरू नका

कॉलिन्सच्या यादीत भारतातून गेलेले शब्द भरपूर आहेत, आणि परदेशी खेळाडूंना ते घोकावे लागतात. आपल्याला फक्त स्पेलिंग बघायचं असतं. रोटी, भाजी, धोती, लाठी, घाट, तालुका, टांगा, नीम, खादी, हरताळ, धरणे या अर्थी डी-एच-ए-आर-एन-ए, बंद या अर्थी बी-ए-एन-डी-एच, लाख, क्रोर, पैसा, अगदी तहसीलदार, टी-ए-एच-एस-आय-एल-डी-ए-आर.

हातात एच अडकला असेल तर ही यादी सोनं आहे. डी-एच, जी-एच, बी-एच, के-एच या सुरुवाती इंग्रजी डोळ्याला विचित्र वाटतात. आपल्याला त्या ध, घ, भ, ख अशा सरळ वाचता येतात. कानाचा उपयोग करायचा तो इथे.

मात्र स्पेलिंग एकाहून जास्त असतात. साडी एस-ए-आर-आय आणि एस-ए-आर-ई-ई अशी दोन्ही प्रकारे चालते. तूप जी-एच-ई-ई आणि जी-एच-आय. डाळ डी-ए-एल, डी-एच-ए-एल आणि डी-ए-एच-एल. जे अक्षर हातात आहे त्याप्रमाणे रूप निवडा.

८. आता कॉम्प्युटर

खेळ चालू असताना नाही. खेळ संपल्यावर, आपल्याला काय दिसलं नव्हतं ते बघायला, किंवा कोडी तयार करायला. मला स्वतःला वाटतं, की आधी किमान काही मिनिटं हाताने झगडल्याशिवाय उत्तर बघू नये. झगडून मिळालेला शब्द लक्षात राहतो.

वनलुक: ही शब्द शोधायची वेबसाइट फुकट आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारा म्हणजे कितीही अक्षरं. शब्दकोड्यासाठी हे पुरेसं आहे. अ‍ॅनाग्रामसाठी अक्षरांच्या आधी दोन तिरप्या रेघा द्यायच्या. सापळा असा: तारा-क्यू-तारा-एक्स-तारा असं टाकलंत तर फक्त क्यू आधी आणि एक्स नंतर असलेले शब्द येतात. इक्विनॉक्स मिळेल, एक्स्क्विझिट मिळणार नाही. क्रम उलटा करून पुन्हा शोधावं लागतं. तीन अक्षरं असतील तर सहा क्रम होतात, तेव्हा हा मार्ग सोडा.

झिझिव्हा: स्पर्धेची तयारी करणारे हा प्रोग्राम वापरतात. त्यात अ‍ॅनाग्राम, त्यातलीच काही अक्षरं, ठरावीक नमुना, आणि ‘ही अक्षरं असलेले’ अशा अटी वेगवेगळ्या देता येतात आणि एकत्रही लावता येतात. पहिल्या पायरीतले चारही प्रश्न इथे जसेच्या तसे भेटतात.

एक्सेल: एखादी मोकळी शब्दयादी उतरवून घ्या. एनेबल नावाची यादी सार्वजनिक मालकीची आहे, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द आहेत. ती एका स्तंभात चिकटवा आणि फिल्टरमध्ये ‘अमुक अक्षर असलेले’ ही अट लावा. एका वेळी दोन अटी बसतात. तिसऱ्यासाठी आलेले शब्द नव्या पानावर घेऊन पुन्हा फिल्टर लावा. दोन ई हवेत आणि तुम्ही ‘ई असलेले’ हीच अट दोनदा लावलीत तर एक ई असलेले शब्दही येतील. त्यासाठी लेन आणि सब्स्टिट्यूट ही सूत्रं वापरा: शब्दाची लांबी, वजा ई काढून टाकल्यावरची लांबी, म्हणजे ई किती ते कळतं.

लिनक्स किंवा मॅक वापरत असाल तर टर्मिनलमध्ये ग्रेप ही हव्या त्या ओळी शोधून काढणारी कमांड आहे. एका ग्रेपने क्यू असलेल्या ओळी काढायच्या आणि त्या उभ्या रेघेने दुसऱ्या ग्रेपकडे, एक्ससाठी, पाठवायच्या. क्रमाचा प्रश्नच उरत नाही. प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत: ए ला २, बी ला ३, सी ला ५ अशा मूळ संख्या देत झेडला १०१ द्या आणि शब्दातल्या अक्षरांचा गुणाकार करा. एकमेकांचे अ‍ॅनाग्राम असलेल्या शब्दांचा गुणाकार नेहमी सारखाच येतो. आणि दिलेल्या अक्षरांच्या गुणाकाराने एखाद्या शब्दाच्या गुणाकाराला नि:शेष भाग गेला, तर ती सगळी अक्षरं त्या शब्दात आहेत, दोन ई हवे असतील तर तेही मोजून.

९. शब्द पडताळून घ्या

भारतातल्या स्पर्धा कॉलिन्स यादीवर चालतात, अमेरिका आणि कॅनडातल्या बहुतेक तिथल्या वेगळ्या यादीवर. न्यू जर्सीतल्या बहिणीशी ऑनलाइन खेळताना अ‍ॅपमध्ये कोणती यादी निवडली आहे ते आधी बघा. सी-एच आणि झेड-ओ हे कॉलिन्समध्ये चालतात, अमेरिकन यादीत नाही. वर सांगितलेली एनेबलही अमेरिकन वळणाची आहे, त्यामुळे तिच्यात शब्द सापडला नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

कुठल्याही यादीत न चालणाऱ्या गोष्टी: विशेषनामं, संक्षेप, मध्ये रेघ किंवा वर स्वल्पविराम असलेले शब्द.

१०. सराव

रोज एकच संच घ्या, पण तो पूर्ण पिळून काढा. अल्फाग्राम लिहा, शेपटं लावा, डोकी लावा, दुसऱ्या पायरीतली यादी लावून बघा, मग कॉम्प्युटरवर तपासा आणि सुटलेले शब्द दुसऱ्या रंगाने लिहा. आठवड्याने पान उलटून फक्त अल्फाग्राम बघा आणि शब्द आठवतात का ते बघा.

सुरुवातीला हे चार घ्या:

क. ए, डी, ई, आर, आर, डब्ल्यू. सगळी अक्षरं वापरून पाच शब्द होतात.
ख. ए, ई, जी, एच, ओ, आर. सगळी अक्षरं, एक शब्द. मोर्चाच्या बातमीत हमखास येतो.
ग. एक्स-वाय-जी सलग असलेला शब्द.
घ. पाचही स्वर असलेला सात अक्षरी शब्द. क्यू आहे, आणि ते कॅलिफोर्नियातलं प्रचंड मोठं झाड आहे.

उत्तरं. क: आर-ई डोकं लावून रिवॉर्ड आणि रीड्रॉ; ई-आर शेपूट लावून ड्रॉअर आणि वॉर्डर; ई-डी लावून वॉर्ड, डब्ल्यू-ए-आर-आर-ई-डी, म्हणजे युद्ध केलं. ख: घेराव, जी-एच-ई-आर-ए-ओ. ग: ऑक्सिजन. घ: सिक्वोया, एस-ई-क्यू-यू-ओ-आय-ए.